दोन खांब आणि मधली तार

लातूर, ९ जानेवारी

तम्मा,

हूंऽऽऽ असा एक आवाज होता. आठवतो का? औशाच्या रस्त्याला, आपल्या गावच्या फाट्यावर, टेलिफोनचे लोखंडी खांब उभे होते. वाऱ्याच्या दिवसांत त्यांना कान लावला की आत कुणीतरी ओठ मिटून गात बसलंय असं वाटायचं. भुंग्यासारखा म्हणावा, तर भुंगा इतका धीराचा नसतो. माणिकप्पा गुरुजी म्हणायचे, "पोरांनो, लातूरची माणसं सोलापूरच्या माणसांशी बोलायलीत, त्याचा हा आवाज." आपण खरं मानलं. पुढं कळलं की तो नुसता वारा होता. तार वाऱ्यानं थरथरते आणि खांब ती थरथर पोटात घेतो, एवढंच. पण कळल्यानं आवाज काही लहान झाला नाही.

पत्राच्या माथ्यावर चिरंजीव घातलं नाही, आशीर्वाद लिहिले नाहीत. ते तुला सध्या नको असतील, म्हणून आधी आवाज पाठवला.

आमच्या अमरेशच्या लग्नाला येत्या वैशाखात दोन वर्षं होतील. तेव्हापासून तू थोरल्या भावाचा फोन घेत नाहीस, आणि घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही बाहेर पडलास. म्हणून पोस्टाचा रस्ता धरला. पाकिटावर एक नाव, एक पत्ता. नांदेडला तरोडा नाक्याच्या तुझ्या दारातच हे पडेल, दुसरीकडं कुठं नाही.

भांडण उकरायला लिहीत नाही. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

आधी बातमी. माझा डावा कान दिवाळीपासून बंद पडला. उजव्याचंही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, बारीक आवाज आधी जातील, जाड मागून." मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, ते कानालाच ठाऊक. तर हा कान आहे तोवर मला तो खांबाचा आवाज एकदा परत ऐकायचा आहे. आमच्या गल्लीत टेलिफोनचे दोन जुने खांब अजून आहेत, एक आपल्या फाटकाशी आणि दुसरा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी. तारा केव्हाच काढून नेल्या. कान लावून पाहिला. मुके आहेत.

म्हणून आवाज घरीच बनवायला घेतलाय. हसू नकोस. अमरेशची बायको उज्वला हेच काम करते. लहान पोरांच्या मोबाइलवरच्या खेळांत बेडूक उडी मारतो, डबा फुटतो, त्याचे आवाज ती घरात बसून कॉम्प्युटरवर तयार करते आणि त्याचा पगार घेते. तू तिला पाहिलेलं नाहीस. उदगीरची आहे, तोंडाची फटकळ, मनानं मोकळी. तिनं मला शिकवायला घेतलंय.

तिला मी आपला खेळ सांगितला. तू एका खांबाशी, मी दुसऱ्याशी. मी दगडानं एक ठोका मारायचा: आहेस का? तू दोन मारायचे: आहे. कधी म्हणून चुकला नाहीस. इतकी वर्षं मी मनाशी धरून बसलोय की माझा ठोका तारेतून पळत तुझ्या कानात जात होता.

उज्वलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मामा, त्यांना तुमचा हात दिसत नव्हता का?"

दिसत होता की रे. मधे एक बाभळसुद्धा नव्हती.

तर खरं सांग. तू ऐकून उत्तर द्यायचास, की बघून?

तुझा अण्णा

लातूर, २२ जानेवारी

तम्मा,

उत्तर नाही. पोस्टमन आता मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो.

तरी लिहितो, कारण इथं एक नवल झालंय आणि ते सांगायला तुझ्याइतका जाणता कुणी नाही. तू सगळी नोकरी टेलिफोन खात्यात तारा ओढण्यात काढलीस. तुला नेमणुकीचा कागद आला तेव्हा अव्वा लेकाचं कौतुक करत म्हणाली होती, "खांबाला कान लावून लावून खांबानंच नोकरी दिली बघा ह्याला."

उज्वलाच्या कॉम्प्युटरवर एक कोरी पाटी उघडते. तिच्यावर डबे मांडायचे. एका डब्यात वारा, एकात तार, एकात खांब. प्रत्येक डब्याला वर भोक, खाली भोक. एकाच्या खालच्या भोकातून दुसऱ्याच्या वरच्या भोकात माउसनं वायर ओढून जोडायची. आवाज नेणारी वायर जाड दिसते. नुसता निरोप नेणारी, म्हणजे जोर वाढव, कमी कर, थांब असं सांगणारी, बारीक. ह्या सगळ्या मांडणीला पॅच म्हणतात. मी म्हणालो, म्हणजे ठिगळ. उज्वला म्हणाली, "जन्मभर कापड विकलंत, तुम्हाला ठिगळच दिसणार."

गोलाईतलं दुकान सोडल्यापासून हाताला काम नव्हतं. आता सकाळी चहा झाला की तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो. मला त्या वायरी लई आवडल्या. बोट ठेवावं आणि म्हणावं, इथून निघाला, इथं पोचला. मधे लपवाछपवी नाही.

पण वारा एका तारेला झोंबून थांबत नाही ना. आपल्या फाट्यावर खांबावर तारांची रांगच होती, आणि प्रत्येकीचा सूर थोडा वेगळा. मी प्रत्येक तारेसाठी डबा मांडला आणि वाऱ्याच्या डब्यातून प्रत्येकाला वायर जोडली. मग खांबाला. मग जोर कमीजास्त करणाऱ्या डब्याला. संध्याकाळपर्यंत पाटीची गोलाई झाली. आपल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तसे माझ्या वाऱ्याच्या डब्याला मिळत होते, आणि दिवस बाजाराचा.

उज्वलानं पाहिलं. "मामा, हे काय करायलात? ह्यात पाल शिरली तर बाहेर यायची न्हाई."

आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिनं सगळ्या बारीक वायरी पुसून टाकल्या. तिनं वाऱ्याखाली एक छोटा डबा ठेवला, त्यात लिहिलं: धाड, वारा. प्रत्येक तारेच्या डोक्यावर तसाच छोटा डबा: घे, वारा. मधे रेघ नाही, काही नाही. बटण दाबलं. सगळ्या तारा एकदम गायला लागल्या.

मी विचारलं, "मधे काय आहे?"

"काही न्हाई."

"मग जातं कुठून?"

"नावानं जातं, मामा. ज्यानं वारा हे नाव लावलंय त्याला पोचतं. पाटीवर कुठंही असो."

जेवताना माझा घास हातातच राहिला. रेघ असली की डोळ्याला विश्वास वाटतो, हे खरं. पण पाटी मोकळी झाली, आणि कुठल्या तारेचा सूर चढलाय ते मला पहिल्यांदा नीट दिसलं, हेही खरं. तू सांग, ह्यातला सच्चा मार्ग कुठला? तुला वरची तार दिसायची आणि आतलं बोलणं दिसायचं नाही. मला इथं बोलणं ऐकू येतं आणि तार दिसत नाही.

माणिकप्पा गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलेली कविता आठवली. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, त्यांचीच होती. डस्टर फिरला की गेली. चालीवर म्हणून बघ, येते का:

तारेवरती बसे पाखरू, तारेमधुनी जाई गाणे;
पाखराला ठाऊक नाही, कुठले येणे, कुठले जाणे.

पुढचं कडवं मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर तेवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

अण्णा

लातूर, ४ फेब्रुवारी

तम्मा,

बिनवायरीच्या निरोपाचं कोडं मला घरातच सुटलं. सोडवलं तुझ्या बायकोनं.

दानम्मा तुझ्याशी लग्न करून आली तेव्हापासूनचं आठव. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी तोंडावर बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. कुणी घालून दिली, कुणास ठाऊक. एका चुलीवर जेवत होतो, तरी ती माझ्याशी भिंतीकडं बघून बोलायची. "कुणीतरी इचारा, अजून एक भाकर वाढू का." मी आढ्याकडं बघून म्हणायचो, "पुरे म्हणावं." आणि ती पुरे करायची! एकदा घरात आम्ही दोघंच. कुणीतरी असं कुणी नव्हतंच. तरी ती आतून ओरडली, "कुणीतरी बघा, तिकडचं दूध उतू चाललंय." मी उठून पातेलं उतरवलं. तुझी बदली नांदेडला होईपर्यंत हे असंच चाललं, आणि मला आठवतं तसा तिचा एकही निरोप चुकीच्या माणसाला गेला नाही. नाव नाही, नजर नाही, रेघ नाही.

हे उज्वलाला सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली. "म्हणजे काकू आमच्या लई आधी हे शिकल्या होत्या." मग हसणं थांबवून म्हणाली, "मग काकांनी लग्नाची ग्रुपवरची पत्रिका का घेतली न्हाई? ती पण हवेतलीच की."

तुझं शेवटचं फोनवरचं वाक्य मला पाठ आहे, शाळेतल्या कवितेसारखं. "अण्णा, केळीच्या व्यापाऱ्याला अक्षता द्यायला अर्धापूरला जाता येतं, अन् येताना नांदेडच्या स्टँडवर गाडी उभी असताना भावाकडं उतरता येत न्हाई?"

माझं म्हणणं मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच आहे. परक्याच्या दारात जाऊन कुंकू-अक्षता द्याव्या लागतात, नाहीतर तो येत नाही. घरच्याला कसलं आलंय आमंत्रण? तू तर मांडव उभा करायला येशील, मला जेवायला वेळ नसेल तेव्हा ताट घेऊन मागं फिरशील, असंच मी गृहीत धरलं होतं. अमरेशनं पत्रिकेचा फोटो ग्रुपवर टाकला. मी म्हणालो, झालं, घरच्यांना कळलं. तुझी वहिनी असती तर तिनं मला हाताला धरून नांदेडला उतरवलं असतं. ती त्याआधीच गेली.

हे सगळं मी उज्वलाला पटवून देत होतो. तिनं ऐकलं. मग पाटीवरचा एक डबा इकडचा तिकडं करत म्हणाली, "परक्याला वायर, अन् घरच्याला हवा."

"अगं, पण दानम्माचं हवेतलं बोलणं मला पोचायचं ना!"

"ते तुमच्यासाठीच होतं, मामा. कुणीतरी म्हणायच्या, पण भाकर तुमच्या ताटात पडायची. ग्रुपवर कुणाच्या ताटात पडलं?"

मी उठून अंगणात गेलो. ती मागून आली, हातात माझी औषधाची गोळी आणि पाणी. म्हणाली, "एक विचारू? लग्नात पहिल्या रांगेतली एक खुर्ची तुम्ही धरून ठेवली होती. कुणी बसायला आलं की त्यावर रुमाल टाकायचात. मला वाटलं, कुणी मंत्रीबिंत्री यायचाय."

ती खुर्ची तुझी होती, तम्मा. अक्षता पडेपर्यंत रुमाल होता तिच्यावर.

मी फार चुकलो असं मला अजून वाटत नाही. पण पूर्वी जितकं ठामपणानं वाटत नव्हतं, तितकं आता ठामपणानं वाटत नाही, असं काहीतरी झालंय. वाक्य गोंधळलंय, तसंच राहू दे.

अण्णा

लातूर, १९ फेब्रुवारी

तम्मा,

काल तुझं उत्तर आलं. म्हणजे आलं नाही. सविस्तर सांगतो.

पॅचमध्ये मी दोन खांब उभे केलेत. एक अण्णाचा, एक तम्माचा. कळ दाबली की माझ्या खांबावर दगड पडतो आणि ठोका तुझ्या खांबाकडं धाडला जातो, वायरीवाचून. नाव दिलंय: ठोका. तुझा खांब नुसता गुणगुणतो. त्याचं उत्तर मी बनवलेलं नाही. आधी एकदा बनवलं होतं, दुसऱ्या एका पॅचमध्ये, शिकता शिकता. मग वाटलं, तुझं उत्तर मीच वाजवणं बरं नाही. म्हणून नवी पाटी घेतली होती.

दुपारी घरी मी एकटा. उज्वला भाजी आणायला गेलेली. हेडफोन उजव्या कानाला दाबून धरला आणि कळ दाबली. ठक्. खांब गायला. आणि मग, थोड्या वेळानं, लांबून आल्यासारखं:

ठक् ठक्.

माझ्या पाटीवर असे दोन ठोके नव्हते. सगळे डबे बघितले. परत कळ दाबली. परत दोन. तम्मा, मी मोठ्यानं तुझं नाव घेतलं. घरात कुणी नव्हतं, तरी घेतलं.

उज्वला पिशवी घेऊन दारात. "मामा, कुणाशी बोलायलात?"

मी म्हणालो, "तो बोलायला लागलाय."

तिनं पिशवी खाली ठेवली, मेथी तशीच सांडू दिली, आणि माझ्या हातून माउस घेतला. एक खिडकी बाजूला केली. तिच्यामागं माझा तो जुना पॅच उघडाच राहिला होता. त्यातही घेणाऱ्या डब्याचं नाव ठोकाच. मी इथं मारला, तो तिथं ऐकू गेला, आणि तिथलं माझंच जुनं उत्तर वाजलं.

"नाव एक असलं की उघड्या असतील त्या सगळ्या पाट्या ऐकतात," ती म्हणाली. "हवेत बोललं की शेजारचा पण ऐकणारच."

तिला माझा चेहरा दिसला असावा, कारण तिनं लगेच दुसरी गंमत दाखवली. नावाच्या आधी एक खूण घालता येते. मग प्रत्येक पाटी आपापला गुप्त आकडा त्या नावाला जोडते, आणि ते नाव त्या पाटीबाहेर जात नाही. दुसरीकडं कुणी हजार वेळा ठोका म्हणो, आपल्या खांबाला ऐकू यायचं नाही. "घरातल्या घरात," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. जग तुला श्रीशैलराव म्हणतं. खात्यातले साहेब म्हणत. घरातला धाकटा म्हणून तम्मा म्हणणारी माणसं अप्पा, अव्वा आणि मी. आता मी एकटाच. आणि अमरेशच्या पत्रिकेवर, ग्रुपवर, काय लिहिलं होतं ते मी फोनमध्ये वर जाऊन जाऊन शोधलं. "समस्त परिवारास आग्रहाचे निमंत्रण." त्यात तम्मा कुठं होता? मी तरी कुठं शोधत होतो तुला त्यात?

उज्वलानं विचारलं, "जुना पॅच ठेवू का? छान वाजतं की उत्तर."

मी म्हणालो, बंद कर. असं उत्तर मिळायला लागलं की माणूस खऱ्याची वाट बघणं सोडतो.

ह्या पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे. त्यात खांबाचं गाणं आहे आणि शेवटी माझा एकच ठोका. गाणं बरोबर झालंय का, तेवढं ऐकून सांग. जाड सूर मी स्वतः लावलाय. वरचा बारीक सूर, तारेचा, मला आता ऐकूच येत नाही. तो मी उज्वलाला तोंडानं सांगून सांगून भरून घेतला, आणि तिनं असला खांब जन्मात ऐकलेला नाही. एकानं ऐकलेलं पण ऐकू न येणारं, दुसरीला ऐकू येणारं पण न ऐकलेलं. आम्ही दोघांनी मिळून काय केलंय ते तूच ठरव. तो आवाज ऐकलेले आपण दोघंच उरलो आहोत, आणि त्यातला माझा कान भरवशाचा नाही.

दुसरा प्रश्न तसाच आहे. ऐकून, की बघून?

अण्णा

लातूर, ११ मार्च

तम्मा,

पेनड्राइव्ह पोचला असेल. पोचला नसेल असं आधी मनात धरत होतो, ते सोपं होतं.

परवा उमरीचे अण्णाराव भेटले. दुकानाच्या वेळचे गिऱ्हाईक. म्हणाले, "शेठ, अभिनंदन. पुतणीचं लग्न जमलं म्हणं. तुम्हाला तर पहिल्यांदा कळलं असंल." मी म्हणालो, हाव. मान हलवली आणि चहा पाजून वाटेला लावला. घरी येऊन कॉम्प्युटरपुढं बसलो. माणूस उगाच कळ दाबत बसलाय हे उज्वलाला कळतं.

मंजुश्री माझ्या मांडीवर बसून बाराखडी शिकली. तिचं जमलं हे मला उमरीकडून कळावं?

लिहिल्यावर लगेच कळलं की हेच गाऱ्हाणं दोन वर्षांपूर्वी तू माझ्याकडं केलं होतंस. गावाचं नाव तेवढं वेगळं.

उज्वलाकडून काल एक शिकलो, तेही सांगून टाकतो. एका डब्यातून दोघातिघांना निरोप द्यायचा असेल, तर वायरी असल्या की आधी कुणाला, मग कुणाला, हे आपल्या हातात ठेवता येतं. त्यासाठी वेगळा डबाच आहे. बिनवायरीचा निरोप सगळ्यांना पोचतो, पण कुणाला आधी पोचला ह्याची हमी कुणी देत नाही. ती म्हणाली, "बऱ्याचदा काही बिघडत न्हाई त्यानं. कधीकधी सगळं बिघडतं." पहिली पत्रिका देवापुढं, दुसरी थोरल्या घरी, मग बाकीचे, हा आपल्याकडचा क्रम मला नुसता मानापानाचा खेळ वाटायचा. अप्पा त्यावरून रुसायचे तेव्हा मी कवितेच्या पुस्तकात तोंड घालून हसायचो. आता वाटतं, त्यांना मान नको असेल. आपण कितवे, एवढंच कळून घ्यायचं असेल.

तर माझं ऐक. मंजुश्रीच्या लग्नाला मी येणार. पत्रिका पोस्टानं पाठवलीस तरी येईन. ग्रुपवर टाकलीस तरी येईन. (तू ग्रुपवर नाहीस आणि मी आहे, ही अडचण आहे खरी.) काहीच पाठवलं नाहीस तरी येईन, आणि मांडवाच्या बाहेर एखादा खांब बघून उभा राहीन. घरच्याला आमंत्रण लागत नाही हे माझंच वाक्य आहे. आता ते माझ्यावर उलटलंय तर मी पाळलं पाहिजे. फार उशीर मात्र करू नका. मुलीच्या लग्नातली मंगलाष्टकं मला ऐकू यायला हवीत, निदान जाड आवाजातली.

फाटक वाजलं वाटतं. मला नाही ऐकू आलं, उज्वला उठली म्हणून कळलं. दुपारच्या उन्हात कोण असेल? गॅसवाला काल येऊन गेला.

तम्मा, पुढचं उभ्यानं लिहितोय. अक्षर वाकडं येईल.

दारात दानम्मा होती. एकटी. हातात स्टीलची डबी, कुंकू, विभूती आणि अक्षतांची पुडी, काखेत पत्रिकांची पिशवी. मी जुन्या सवयीनं भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "कुणीतरी पाणी द्या, बसायला सांगा."

ती बसली नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिचे डोळे दिसले. घारे आहेत, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

"अण्णा," ती म्हणाली, "भिंतीला न्हाई, तुमालाच सांगायला आले."

माझ्या उजव्या कानात ते स्वच्छ आलं.

तिनं माझ्या कपाळाला विभूती लावली, उज्वलाला कुंकू लावलं, माझ्या ओंजळीत अक्षता घातल्या आणि पत्रिका दिली. "एक देवापुढं ठेवली. दुसरी ही. अजून कुणालाच दिली न्हाई. मंजुश्रीचं लग्न हाय, सगळ्यांनी आधी चार दिस यायचं."

मी विचारलं, "तो?"

"आलेत. घरात येत न्हाई म्हणतात."

"अजून राग आहे?"

"राग कसला ओ. तुमची ती काडी टीव्हीला लावून रोज गाणं ऐकून राहिले. टीव्हीवरच्या मालिका बंद झाल्या आमच्या. म्हणतात, अण्णाचं गाणं बराबर न्हाई, बारीक सूर लई वर गेलाय."

उज्वला म्हणाली, "बघा मामा, मी सांगितलं नव्हतं?" तिनं सांगितलं नव्हतं.

"मग आहे कुठं तो?"

"गिरणीपाशी. खांबाला कान लावून उभे हायत. तुमच्या घराकडं पाठ करून." दानम्मानं पदर तोंडाला लावला, हसू लपवायला. "म्हणाले, अण्णाला म्हणावं, एक मार. ह्या बारीला हात दिसला असं म्हणायला जागा नको. मी म्हणलं, अवो, मधे तार न्हाई. तर म्हणाले, तार न्हाई हे मला शिकवू नको."

खिडकीतून दिसतोस. पिठाच्या गिरणीपुढं पोरं गोळा झालीत तुझ्याभोवती, आणि तू हात हलवून त्यांना गप्प करतोयस. पाठ वाकली आहे तुझी. हे पत्र आता टाकत नाही, पाकीट लागायचं नाही. उज्वला अंगणात दगड शोधायलीय. पहिला आणला तो फार लहान होता, तिला म्हणालो, ह्यानं खांब जागा व्हायचा नाही.

हलू नकोस. मोठा दगड मिळाला की आलोच.